दोन बोटं केस

सांगलीच्या स्टँडवर इस्लामपूरची एस.टी. लागली, तेव्हा अंजनाने चांगले दोन कोपर खाऊन सावलीच्या बाजूची खिडकी मिळवली होती. वैशाखातली दुपार. ही जागा आता देवालाही द्यायची नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

तेवढ्यात तो चढला. खांद्यापर्यंत रुळणारे केस, फुलाफुलांचा शर्ट आणि छातीशी धरलेली एक चौकोनी पिशवी, तान्हं मूल धरावं तशी.

"जरा उन्हाच्या बाजूला बसता का?" त्याने सरळ तिलाच विचारलं. "यांना ऊन सोसत न्हाई."

"कुणाला?"

त्याने पिशवी किंचित उघडली. आत इंग्रजी गाण्यांच्या मोठ्या तबकड्या होत्या. "वाकड्या झाल्या की गाणं रडतं... आणि मग मीबी."

"मग रडा की," अंजना म्हणाली. "रुमाल देते. जागा न्हाई देणार."

तिच्या शेजारच्या म्हातारीचं लक्ष मात्र त्याच्या केसांवर होतं. तिने हात जोडले नि लगबगीने उठली. "नवसाचं केस दिसत्यात. बस बाबा, बस. कंच्या देवाचं रं?"

तो हसू दाबत अंजनाकडे पाहत म्हणाला, "नवस पुरा झाला की सांगतो, आजी. तुमी बसा." आणि म्हातारीला खाली बसवून तो उभाच राहिला. गाडी सुटली तेव्हा पिशवी अंजनाच्या मांडीवर होती, खिडकीच्या सावलीत. कशी आली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

निघाला तो लालासाहेब, तिच्या अध्यापक विद्यालयातल्या रंगूचा भाऊ. वडील सुभेदार तात्याबा, पोरांचे आबा, पेन्शनीत. थोरला भाऊ बाळासो फौजेत. हा धाकटा तेवढा सांगलीच्या कॉलेजात जाऊन बिघडला, असं गावाचं मत होतं. मिरजेला सतारी घ्यायला गोरी केसाळ पोरं यायची, त्यांना हा दुकानं दाखवत हिंडायचा. परत जाताना ओझं नको म्हणून त्यांनी दिलेल्या त्या तबकड्या. त्या वाजवायला प्लेअर आणला बाळासोने, सुट्टीवर येताना फौजेच्या कँटीनमधून.

अंजना अभ्यासाला म्हणून रंगूकडे जाऊ लागली. मळ्यातल्या खोलीत रंगू पुस्तक तोंडावर घेऊन झोपायची... खरी झोपायची की सोंग घ्यायची, कोण जाणे.

"एक बाजू अख्खी ऐकायची," लालासाहेब बजावायचा. "मधी सुई उचलायची न्हाई."

"गाणं आवडलं न्हाई तरी?"

"तरीबी. ज्यानं तबकडी केली, त्यानं आधी काय नि मागनं काय, ते जीव लावून ठरवलेलं असतंय. हे तिसरं बघ, नुसता कालवा वाटतोय. पर तो सोसला की चौथं कसं अंगावर येतंय! आणि दोघांच्या मधी जी गप्प जागा हाय ना, ती मला सगळ्यात आवडती."

"गाण्यापरास गप्प जागा आवडती? लय शहाणं बाई!"

"तवाच तू माझ्याकडं बघतीस, म्हणून."

अंजनाने मान खाली घातली, ती तबकडीची बाजू संपेपर्यंत वर केली नाही.

गिटार किंचाळू लागली की तिच्या अंगावर काटा यायचा. शब्द तिला कळत नसत, तो सांगायचा. तिकडे गोऱ्यांच्या मुलखात पोरांना लढाईवर न्यायला सरकारचं पत्र येतं, पोरं ते जाळून टाकतात. केस वाढवतात ते त्याच रागाने. आम्ही कुणाला मारणार नाही म्हणतात.

"आपल्यात पत्र आलं की पेढं वाटत्यात," अंजना म्हणाली.

"व्हय. तेच मला सोडवता येत न्हाई. ही गाणी मला पटत्यात... आणि ती ज्याच्यावर वाजत्यात, तो प्लेअर दादाच्या पगाराचा हाय."

त्या केसांपायी घरात रोज भडका उडत असे. एकदा सुभेदार न्हाव्यालाच घेऊन आले. तेव्हा आई, बनुबाई, मधे उभ्या राहिल्या. "खबरदार! बाळासो सुखरूप घरी येईस्तवर धाकट्याच्या केसाला कात्री लावायची न्हाई, असा जोतिबाला नवस बोललीया मी." सुभेदारांनी न्हाव्याला चहा पाजून परत पाठवलं. एस.टी.तल्या म्हातारीचं म्हणणं असं खरं झालं, म्हणून अंजना पोट धरधरून हसली.

दिवाळीनंतरची गोष्ट. तबकडीवर वाकताना त्याचे केस सुईत अडकले, गाणं एकाच जागी उड्या मारू लागलं. अंजनाजवळ शिवणाच्या तासाची कात्री होती.

"अगं, नवसाचं हायत!"

"दोन बोटं. देव काय मोजायला बसलाय?"

तो हसला. डोळे मिटून त्याने मान पुढे केली. तिने त्याच्या कपाळाला पहिल्यांदाच हात लावला. कात्री एकदाच वाजली. गाणं पुढे सरकलं.

डिसेंबरात लढाई लागली, आणि पंधरवड्याने तार आली. बाळासो गेला होता.

दहाव्याला कृष्णाकाठी लालासाहेबने क्षौर केलं. बायकांच्या घोळक्यातून अंजनाने त्याला पाहिलं. त्यानेही एकदा पाहिलं, आणि मान फिरवली. दोन बोटं केस कापले नि नवस मोडला, ही एकच गोष्ट दोघांच्याही मनात होती. ती खुळी आहे हे दोघांना कळत होतं, पण ती मनातून जात नव्हती. प्लेअर कापडात बांधून माळ्यावर गेला. मळ्याच्या वाटेवर ती दिसली की तो बांध बदलायचा. अंजना घरात चुलीपुढे बसून रडायची आणि धुराला बोल लावायची.

शिमगा झाला आणि रंगू सांगत आली, "धाकटा दादा बेळगावला चाललाय. भरती झाला. उद्या सकाळची गाडी हाय."

अंजना तशीच उठली आणि बनुबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "मावशी, मला मारा. नवसाचं केस मी कापलं. दोन बोटं. दिवाळीच्या मागनं."

बनुबाईंनी तिचा हात धरून तिला जवळ बसवलं.

"पोरी, नवस न्हवताच."

"आं?"

"मी बोललेच न्हवते. न्हाव्याला बघून तेचं तोंड एवढंसं झालं. माझ्या तोंडात आलं ते सांगून मोकळी झाले. देवाचं नाव घिऊन खोटं बोलले गं! मला वाटतंय, तेचंच फळ दिलं देवानं." त्यांचा आवाज फुटला. "आणि ह्यो तुझ्या दोन बोटांपायी फौजंत चाललाय व्हय? सांग जा तेला. माझ्यावर राग धरू दे, चालंल. पर जीवावर उदार हून जाऊ देऊ नगंस."

सकाळी इस्लामपूरच्या स्टँडवर तो वळकटीवर बसला होता. डोक्यावर बोटभरही केस नव्हते. अंजनाने एका दमात सगळं सांगितलं. अवतीभवतीची माणसं बघत होती, बघेनात का!

"म्हंजी आई..." तो म्हणाला. "तवापास्नं हे मनात घिऊन, एकटीच?"

"व्हय."

त्याने ओंजळीत तोंड घातलं. बाळासो गेल्यापासून तो रडला नव्हता, ते सगळं आता बाहेर आलं. ती नुसती शेजारी उभी राहिली.

"मागं फिरा," ती हळूच म्हणाली. "आता कशासाठी जायचं?"

"सही झाली, अंजना. आता फिरलो तर आबा गावात कुणाला तोंड दाखवतील? बाळासोच्या पाठचा पळाला म्हणतील." त्याने डोळे पुसले. "चार दिस आधी कळलं असतं तर... कळलं असतं तर न्हाई गेलो."

चार दिवस आधी धीर झाला असता तर, हे तिच्या जन्माला पुरणार होतं.

कोल्हापूरची गाडी लागली. पुढची बेळगावची गाडी त्याला तिथून मिळायची होती. वळकटी टपावर गेली. कंडक्टर ओरडू लागला, तरी तो पायरीपाशीच थांबला.

"तुझ्याकडं बघितलं की दादा आठवायचा. म्हणून बघत न्हवतो. आता... जरा बघू दे."

तिने मान वर केली. खाली घातली नाही.

"थांबू नगंस, असं सांगायला पायजे तुला," तो म्हणाला. "पर माझ्यानं सांगवत न्हाई."

"मग सांगूच नका. माझा जीव हाय तुमच्यावर. लय हाय."

दोनदा घंटी झाली. गाडी स्टँडच्या बाहेर पडून वळली, तरी ती उभीच होती. मग पदराने तोंड पुसून ती बनुबाईंच्या घराकडे चालू लागली. पोरगा रडला, आणि रागावला नाही, एवढं त्या माउलीला आधी सांगायचं होतं.