आवाज उतरला तेव्हा

आटलेल्या तलावाच्या तळातली पायवाट धरून उत्पला स्कूटीवरून घरी निघाली होती... तोच हातभर लांबीचं एक विमान भुईवरून किंचाळत आलं आणि तिच्या चाकापुढे नाक खुपसून थांबलं. त्यामागोमाग धुळीने माखलेला तरुण धावत आला, हातात रिमोट.

"लागलं का हो मॅडम?"

"मला न्हाई. विमानाला विचारा."

तो शहादेव, सहकारी साखर कारखान्यातलं टर्बाइन सांभाळणारा. दुष्काळाने ऊस नेला, गाळप थांबलं, आणि ती शांतता त्याच्या कानांना सोसवेना; म्हणून हे चिमुकलं इंजिन. उत्पला केजच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवी. त्या भेटीनंतर तिच्या संध्याकाळी त्या भेगाळल्या तळातच मावळू लागल्या. विमान मात्र भुई सोडेना.

"आवाज ऐका की! लई ताकद हाय."

"आवाज चढला की गाळप वाढतं, हे तुमच्या कारखान्यात. हा आखूड पंखा नुसताच भिरभिरतो... ओढत न्हाई."

"पोरांनाबी असंच टोचून बोलता?"

"पोरं ऐकतात."

एकदा त्याने विचारलंच, तेही इंजिन चालू ठेवून, ओरडून — "माझ्याशी लगीन कराल का?"

होकार तिच्या ओठांशी येऊन थांबला होता. पण इतक्या सहज हरणं तिला ठाऊक नव्हतं. "विमान तलावाच्या बांधापल्याड जाऊ द्या, मग सांगते."

आठवडाभर विमान धुळीत लोळलं. शेवटी शहादेवने ते काखेत मारलं. "जमत न्हाई, मॅडम. उद्यापास्नं न्हाई येत मी."

उत्पलाला लख्ख उमगलं. आपली थट्टा आपल्यालाच महाग पडत होती. तिने पिशवीतून सागाचा पंखा काढला — पाती लांब, पीळ कमी — आणि विमान त्याच्याकडून घेऊन जुन्याच्या जागी तो बसवला.

इंजिन सुरू झालं. आवाज खाली आला, खोल, घुमणारा.

"आवाज बसला की हो ह्याचा!"

"शेपूट धरून बघा."

त्याने धरलं आणि दचकला. "अरे... हातातून निसटतंय!"

"मग सोडा."

धुळीची एक रेघ ओढून विमान उठलं, बांधावरून गेलं, तांबूस आभाळात वळलं. शहादेव बोटांनी रिमोट सांभाळत, वर बघत राहिला. मग पहिल्यांदाच हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम... उत्तर?"

"अट माझी," उत्पला हसली, "रात्री जागून पंखा कोरला तोही मीच. अजून उत्तर पाहिजे?"