रिकामं जाळं जड होतं

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. मी मासे विकतो, गोष्टी रचायला मला सवड नाही. हे माझ्या सख्ख्या मोठ्या भावासोबत घडलंय. अजून घडतंय.

शनिवार होता. दिवस मावळायला आला होता. वळणावर नदी खोल होते, त्या डोहाच्या काठी मी दादासोबत उभा होतो. दादा जाळं टाकतो, मी मासे बाजारात नेतो. आमचं वर्षानुवर्षं हेच चाललंय.

दादाचा एक हट्ट. जाळ्यात गाभोळीची मासळी आली, म्हणजे पोटात अंडी असलेली, की ती आधी पाण्यात सोडायची. कितीही मोठी असो. मी चिडवायचो, यांची बाळंतपणं करायला बसलायस का म्हणून. तो नुसता हसायचा.

पण यंदा अंडी घालायच्या दिवसांतच काही माणसं बॅटऱ्या आणि वायरी घेऊन आली. भरदिवसा. त्यांनी पाण्यात करंट सोडला. बघता बघता डोह पांढरा झाला, सगळी मासळी पोट वर करून. मोठी तेवढी त्यांनी उचलली, बाकीची तशीच टाकली. दादा आडवा गेला, तर त्याला ढकलून दिलं. मी काठावर हात चोळत राहिलो. मासेमारी खात्याचा रखवालदार दुसऱ्या दिवशी उगवला. त्याला तरी काय बोलणार? एवढ्या नदीला तो एकटा.

त्यानंतर डोह गप्प झाला...

संध्याकाळी पाण्यावर एक मासा उसळेना. बगळेसुद्धा फिरकेनात.

त्या शनिवारी दादाने जाळं ओढायला घेतलं आणि त्याचे दंड ताठ झाले. मी हात लावला. खरंच जड होतं.

जाळं वर आलं...

रिकामं.

पण ते हलत होतं. आत फडफड चालली होती. माझ्या तोंडावर शिंतोडे उडाले. जाळ्यात काडीसुद्धा नव्हती.

दादाने आत हात घातला. दोन्ही तळव्यांत काहीतरी अलगद धरलं.

"गाभोळीची आहे," तो म्हणाला, आणि वाकून पाण्यात सोडली.

डुबुक...

पाण्यावर वर्तुळं उठली.

मग दुसरी. मग आणखी एक. तो थांबेचना. मी त्याचा दंड धरला, घरी चल म्हटलं. त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते.

"सोडल्या तरी पोहत नाहीत रे. परत जाळ्यातच येतात. मी काय करू?"

मी जाळं त्याच्या हातातून काढून घेतलं.

त्याला कसंबसं घरी आणलं आणि जाळं माझ्या दुकानात कुलपात टाकलं. वाटलं, मिटला विषय. मी स्वतःला जरा जास्तच शहाणा समजतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा डोहात गुडघाभर पाण्यात उभा. नुसत्या हातांनी. वाकायचा, उचलायचा, सोडायचा. आणि प्रत्येक वेळी तो आवाज...

डॉक्टर झाले. गोळ्यांनी तो दुपारभर झोपतो, ऊन उतरलं की उठून चालू लागतो. एकदा वहिनीने बाहेरून कडी लावली. तो दाराला टेकून आवाज न करता रडत बसला. शेवटी तिलाच बघवेना. तिनेच कडी काढली.

आता ती रोज काठावर टॉर्च घेऊन बसते. मीही दुकान बंद करून जातो. काल तिने हळूच विचारलं, "भाऊजी, पाणी आधी गुडघ्याएवढंच होतं ना?"

हो. आता छातीला लागतंय.

नदी वाढलेली नाही. दादाच रोज थोडा पुढे जातोय. राहिलेल्या मासळ्या तळाशी आहेत म्हणतो.

त्याला पोहता येतं, एवढंच आम्ही दोघं एकमेकांना सांगत बसतो.