एकवीस दिवसांचं पाणी

औदुंबर सोसायटीच्या जिन्याखाली, टपालाच्या पेट्यांच्या वर, हातभर लांबीचा एक फलक होता. त्यावर एकच आकडा उजळलेला असे : इमारतीची उरलेली वर्षं. नाशिकमधल्या जुन्या इमारतींना असे फलक लागून चार वर्षं झाली होती, आणि लोक जाता-येता घड्याळ पाहावं तसे ते पाहत. त्या रविवारी औदुंबरचा आकडा पाच होता.

हर्षदा मेथीच्या जुड्या घेऊन आली तेव्हा तिचे वडील खाली पार्किंगमध्ये होते. नाना, म्हणजे एकनाथ मिस्त्री खैरनार. ही इमारत त्यांच्याच हाताखाली उभी राहिली आणि तिच्याच तिसऱ्या मजल्यावर त्यांनी घर घेतलं. आपण बांधलेल्या घरात झोपायला मिस्त्री सहसा धजत नाही, असं ते नव्या शेजाऱ्यांना हसून सांगत. अलीकडे त्यांनी ते सांगणं सोडलं होतं.

थापीची लाकडी मूठ ते खांबावर तीनदा ठोकत, कान लावत, दोन बोटं सरकून पुन्हा तीनदा ठोकत.

"हर्षे, इकडं ये. बघ बरं, आवाज बद्द येतोय का कुठं?"

हर्षदाने कान लावला नाही. "नाना, कानाला नाही कळत ते आता."

"असंल," नाना म्हणाले. "तुमच्या यंत्राला कळत असंल. पण एकवीस दिवस पाणी मारलंय मी या स्लॅबला, पोरी. तू झालीस त्या दिवशीसुद्धा आधी पाणी मारलं, मग दवाखान्यात आलो. तुझी आई वर्षभर बोलून दाखवायची." त्यांनी मूठ अंगठ्याने पुसली. "मग कुठं चुकलो असंन गं मी?"

मेथी सुकतेय, वर चला, एवढंच ती म्हणाली. गुडघ्यांवर हात ठेवत, प्रत्येक मजल्यावर थांबत नाना वर आले. तिने भाकरी टाकल्या, दोघं जेवले, ती आपल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या पगारे मावशींचा फोन आला. नाना खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. चष्मा डोळ्यांवरच होता.

ज्या यंत्राचं नाना बोलत होते, त्याच्याशी हर्षदाचा रोजचा संबंध होता. खांबाखांबावर बसवलेल्या रुपयाएवढ्या चकतीला 'कर्णिका' म्हणत. काँक्रीटच्या पोटात केसाहून बारीक तडा गेला तरी त्याचा कुजबुजल्यासारखा आवाज होतो. माणसाला तो ऐकू येत नाही, कर्णिकेला येतो. महिनोन् महिने असे आवाज मोजून इमारतीचं आयुष्य काढायचं, ते तपासायचं आणि फलकावर पाठवायचं, हे हर्षदाच्या कंपनीचं काम. आकडा दहाच्या खाली गेला की पुनर्विकासाला एकेका सभासदाची संमती लागत नसे.

औदुंबरचा आकडा गेल्या वर्षी चौतीस होता. मग शेजारच्या प्लॉटवर टॉवरसाठी पायलिंग सुरू झालं. दिवसभर जमिनीत खांब ठोकले जात होते. अशा वेळी बाहेरचे धक्के हिशेबातून वगळायचे असतात आणि त्यासाठी एक कळ असते. 'वजावट' असं तिचं नाव. हर्षदाने औदुंबरपुरती ती कळ बंद ठेवली. शेजारचा प्रत्येक घाव हा औदुंबरच्या अंगातला तडा म्हणून नोंदला गेला आणि पायलिंग संपेपर्यंत फलकावर सात आले.

नव्या इमारतीत लिफ्ट असेल, नानांच्या गुडघ्यांना जिने चढावे लागणार नाहीत, असं तिने स्वतःला समजावलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण नव्या घरात आपली खोली कुठली, तिला पडदे कसले, हेही तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

नाना भांडतील, सभेत उभे राहतील, असं तिला वाटलं होतं. सात दिसल्यावर नाना गप्प झाले. त्यांनी यंत्राला खोटं मानलं नाही. मुलीच्या हाताखालून आलेला आकडा होता तो. सभेत सेक्रेटरी देवरे काका म्हणाले, "मिस्त्री, सिमेंट घातलं होतंत की चुलीतली राख?" सगळे हसले. देवरे तसे मनाने वाईट नव्हते. नानाही हसल्यासारखं हसले. हर्षदा शेजारीच बसली होती. तिने मोबाइल काढून त्यात पाहायला सुरुवात केली.

तेरावा झाला, दीड महिना गेला. घरं रिकामी करण्याआधी कर्णिका उतरवून नोंदी बंद करायच्या होत्या. हर्षदाने ते काम स्वतःकडे मागून घेतलं. नोंदी उघडल्यावर तिला आधी एक साधी शंका आली. पायलिंग संपलं तेव्हा आकडा सात होता. मग नंतर तो पाचावर कसा आला?

तिने तेवढे दिवस वेगळे काढले. पडद्यावर बारीक रेघा उमटल्या. तीन, मग थोडी जागा, मग तीन. रोज दुपारी दोनच्या पुढे, पहिल्या खांबापासून चोविसाव्यापर्यंत, क्रमाने. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. असे अठरा दिवस. शेवटची नोंद त्या रविवारची, ती मेथी घेऊन आली त्याच वेळेची.

वजावट बंद होती. थापीचा प्रत्येक ठोका यंत्राने तडा म्हणून धरला होता. नाना आपली चूक शोधत होते, आणि जितकं शोधत होते तितका फलकावरचा आकडा उतरत होता. जिना चढताना रोज तो त्यांच्या समोर येत होता.

हर्षदाने कळ चालू केली. हिशेब पुन्हा व्हायला काही क्षण लागले. पडद्यावर आकडा आला : तेहेतीस. तो फलकावर पाठवायचं बटण खालीच होतं. ते दाबल्यावर नोकरी राहणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पण केवळ बटण दाबलं तर लोक म्हणतील, यंत्र बिघडलं होतं, दुरुस्त झालं. नानांचा त्यात कुठेच उल्लेख येणार नाही.

बिल्डरकडे किल्ल्या सोपवण्याची सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्येच भरली. निम्म्या घरांचं सामान बांधून झालं होतं. पगारे मावशींनी नव्या स्वयंपाकघराचं चित्र तिला कालच दाखवलं होतं, ओटा कुठे येणार ते बोट ठेवून. देवरे काकांनी आधी नानांसाठी दोन मिनिटं सगळ्यांना उभं केलं. मग खाली बसत ते पगारे मावशींना हळूच म्हणाले, "माणूस सोन्यासारखा होता हो. काम तेवढं कच्चं निघालं."

हर्षदा उठली. पिशवीतून नानांची थापी काढून ती खांबापाशी गेली आणि थापीच्या मुठीने तीनदा ठोकलं. पार्किंगभर खणखणीत आवाज घुमला. लोक वळून पाहू लागले. तिने पहिल्यांदाच खांबाला कान लावला, पुन्हा ठोकलं, आणि कान न काढताच विचारलं,

"देवरे काका, हे कच्चं वाटतं तुम्हाला?"

ती वळली. पगारे मावशींकडे पाहायचं तिने टाळलं, मग पाहिलं.

"नाना मला विचारत होते, मी कुठं चुकलो. मी उत्तर दिलं नाही. ते कुठंच चुकले नव्हते. आकडा मी बदलला, आणि तो खरा मानूनच ते गेले."