तिसरी पापणी

"खोटं बोलताना तिसरी पापणी पडते म्हणे! अहो, आमच्या म्हशीले पण हाये ते पापणी. मंग काय म्हशी खोटं बोलतात?"

चिखलीच्या स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये हे ऐकलं आणि मी वळून पाहिलं. खांद्याला खाकी पिशवी, हाताला औषधाचा वास. गुरांच्या दवाखान्यातला हा माणूस कॅन्टीनवाल्या किसनरावांना रविवारच्या मालिकेतले परग्रहावरचे तिमिरी लोक समजावत होता.

"डोळा वाचवायला असते ती," मी न राहवून म्हणाले. "त्यांचा ग्रह धुळीचा आहे ना."

"धुळीचा? हे कवा दाखवलं?"

"सुरुवातीलाच."

"आमच्या साखरखेर्ड्याले लाइन येते साडेदहाले."

"आमच्या अमडापूरची वीज साडेदहाला जाते."

मालिका दहा ते अकरा. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो... अर्धा भाग माझ्याकडे होता, अर्धा त्याच्याकडे.

त्याचं नाव पुंजाजी. मी कोकिळा, इथे चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. दर सोमवारी शाळा भरायच्या आधी वीस मिनिटं – पहिला अर्धा मी सांगायचा, दुसरा त्याने.

"तिमिरींना दोन हृदयं कशाला?" मी विचारायची.

"एक बंद पडलं तर दुसरं. तुमाले एकच हाये, कोकिळाबाई. जपून ठेवा."

किसनराव गाळणीआडून हसायचे.

तिसऱ्या रविवारी मात्र गंमत झाली. पुंजाजीने सांगितलं होतं, तिमिरी वैमानिक आरणने चंद्रावर एका आजारी जनावराच्या पोटाला कान लावला आणि रात्रभर तिथेच बसला. पण माझ्या अर्ध्या तासाच्या सुरुवातीला 'मागील भागात' दाखवतात. त्यात आरणने दोन यानं उडवून दिली होती. जनावर कुठेच नव्हतं.

मी वहीत दोन रकाने केले. डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे ऐकलेलं. दर आठवड्याला दोन्ही वेगळे निघत. का, ते विचारावंसं फार वाटे. पण विचारलं असतं, तर सोमवार संपले असते. शिवाय... मी पुन्हा पुन्हा वाचत होते तो उजवाच रकाना.

बाराव्या सोमवारी मी चहात पाहत म्हणाले, "अकोल्याचं स्थळ आलंय. बँकेत आहे. पुढच्या सोमवारी संध्याकाळी दादा होकार कळवणार. म्हणजे – मी नाही म्हटलं नाही, तर."

त्याने कप उचलला, तसाच ठेवला. "पुढच्या रविवारी तर शेवटचा भाग हाये."

"हो. शेवट तुमच्याच अर्ध्यात येणार."

तेराव्या सोमवारी तो माझ्याआधी येऊन बसला होता. दाढी घोटलेली, पिशवी मांडीवर घट्ट धरलेली.

"काय झालं आरणचं?"

"गेला. यान आलं, बसला, गेला."

"आणि पृथ्वीवरची ती मुलगी, त्याची मैत्रीण?"

"तिचं चांगलं झालं. शहरात गेली. बँके... म्हणजे, चांगल्या घरी."

"पुंजाजी, दर रविवारी सुरुवातीला आधीच्या भागातलं थोडं परत दाखवतात. माहीत आहे?"

त्याचे कान लाल झाले. "मंग तुमाले..."

"तिसऱ्या रविवारपासून."

"पहिल्या भागानंतर पंचायतीचा टीव्ही जळाला," तो पुटपुटला. "तुमी सोमवारी विचारलं, 'मग पुढे?' तुमचे डोळे असे झाले होते... मले नाई म्हणता नाई आलं. पण तुमी काऊन नाई बोलल्या?"

"तुमचा अर्धा जास्त चांगला होता. आज पहिल्यांदाच आवडला नाही. परत सांगा."

शाळा भरायला पाच मिनिटं उरली होती. त्याने मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली.

"आरण गेला नाई," तो म्हणाला. "त्याले जायचंच नव्हतं. अन्... तुमी बी अकोल्याले नका जाऊ. मले सोमवार पाहिजे. मंगळवार बी पाहिजे."

"हे खरं कशावरून?"

"पाहा ना पापणी."

माणसातही तिसऱ्या पापणीचा अवशेष उरलेला असतो – डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, एवढीशी गुलाबी घडी. ती हलत नाही, हे मी दरवर्षी नववीला शिकवते. तरी मी पुढे वाकले आणि जवळून, नीट पाहिलं.

"नाही पडली," मी म्हणाले. "दादाला आज संध्याकाळच्या आत 'नाही' कळवते."