उपकारस्तुतीचं पाकीट

हार्मोनियमला दोन बाजूंना दोन कड्या असतात. म्हणजे ती दोघांनी उचलायची वस्तू आहे हे उघड आहे, पण मथुरा सिस्टरांना हे सांगणार कोण? सोमवारी सकाळी त्यांनी ती एकटीनंच ऑटोतून खाली ओढली, दोन पावलं टाकली आणि यवतमाळच्या भर बाजारात, वाद्यदुरुस्तीच्या दुकानासमोर, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सोडा," मागून कुणीतरी म्हणालं. "तुमी ती कडी धरा, मी ही धरतो."

पांढऱ्या मिशा, गळ्यात तपकिरी मफलर, काखेत एक सैल पडलेली ढोलकी. साठी ओलांडलेला उंच माणूस.

"मले एकटीले जमलं असतं," सिस्टर म्हणाल्या.

"जमलं असतं नं. कंबर मोडून."

सिस्टरांनी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती आणि कंबर मोडलेल्यांना याच आवाजात दटावलं होतं. दटावून घ्यायची सवय मात्र त्यांना नव्हती. हसू आलं ते त्यांनी पदराआड दाबलं आणि निमूटपणे दुसरी कडी धरली.

दुकानात पेटी ठेवल्यावर त्या माणसानं एक पट्टी दाबून पाहिली. "हा सूर बसला हाये."

"तुमाले पेटी येते?"

"नाही जी. एसटी चालवली तीस वर्षं. बिघडलेला आवाज कानाले समजते, एवढंच."

नाव देवीलाल राठोड. बोरी अरबच्या बाजूच्या तांड्यावर घर आणि थोडी शेती. लेक संगीता यवतमाळात दिलेली, तिला मुलगी झाली म्हणून आठवडाभर आला होता. बायको जाऊन सात वर्षं झाली होती. ही सगळी माहिती सिस्टरांनी पाच मिनिटांत काढून घेतली. नर्सला केसपेपर भरल्याशिवाय चैन पडत नाही. पेटी चर्चची आहे हे कळल्यावर तो म्हणाला, "आमच्या तांड्यावर बी सात-आठ घरं हायेत विश्वासातली. चर्च नाही, कडुनिंबाखाली बसतो."

"मग बुधवारी माझ्या घरी प्रार्थना हाये. या."

हे वाक्य सिस्टरांनी आयुष्यात शेकडो लोकांना म्हटलं असेल. पण ते म्हणताना पदर सारखा करायची गरज आधी कधी पडली नव्हती. पेटी शुक्रवारी मिळेल, असं दुकानदार दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकू आलं.

आता इथंच सांगून टाकतो, कारण पुढं गुंता नको. हा सिस्टरांचा यवतमाळातला शेवटचा आठवडा होता. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा रवी नागपूरला राहत होता. त्याच्या बाळाचा बाप्तिस्मा रविवारी इथल्याच चर्चमध्ये होणार आणि सोमवारी सकाळी नऊला सामानाची गाडी सांगितलेली. आईनं आता एकटं राहू नये, हे रवीचं म्हणणं. दिवाळीत सिस्टर 'हो' म्हणून बसल्या, कारण 'नाही' म्हणायला एकही दणकट कारण सापडेना. कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहणारी लेकीची लेक उर्वशी होस्टेलवर जाणार होती. चर्चच्या तरुण संघाला गाणी कोण शिकवणार, असं त्यांनी विचारून पाहिलं होतं. "आई, पोरं मोबाइलवर शिकतात आता," रवी हसून म्हणाला होता.

मंगळवारी महिला सभा. बायकांनी सिस्टरांच्या प्रवासासाठी प्रार्थना केली आणि दोघीतिघी रडल्या. सिस्टर रडल्या नाहीत. उद्या चहाला दूध किती लागेल, याचा हिशोब त्या डोळे मिटून करत होत्या. नेहमीपेक्षा अर्धा लिटर जास्त, असं ठरलं.

बुधवारी देवीलाल आले. हातात ओल्या तुरीच्या शेंगांची भली मोठी पिशवी. प्रार्थनेत दाराजवळ बसले आणि संपल्यावर सगळे गेले तरी बसूनच राहिले, कारण शेंगा मीठ घालून उकडायला टाकल्या होत्या आणि पाहुण्यानं आणलेली वस्तू पाहुण्याला न खिलवता पाठवायची कशी?

"मीठ कमी झालं का?" सिस्टरांनी विचारलं.

"बरोबर हाये."

"खरं सांगा. तोंडदेखलं नोको."

"थोडं जास्त हाये," देवीलाल म्हणाले. "पण तुमी समोर बसून राह्यल्या तर… समजत नाही."

उर्वशी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन येत होती, ती दारातूनच परत फिरली. सिस्टरांनी एक शेंग सोलायला मुळीच लागत नाही इतका वेळ लावून सोलली.

गुरुवारी संध्याकाळी तरुण संघाचा सराव. रविवारच्या बाप्तिस्म्यासाठी उर्वशीनंच एक गाणं रचलं होतं. दोन गिटार होत्या, आठ आवाज होते, आणि ठेका? ठेका काही केल्या बसत नव्हता. तबल्यावरचा अश्वजित परीक्षेच्या पायी आला नव्हता. देवीलाल सहज ऐकायला म्हणून आले होते. म्हणजे सहजच, पिशवीत काशाची थाळी घेऊन. तांड्यावर भजनाला हीच थाळी वाजते, त्यांनी पोरांना सांगितलं, आणि मांडीवर ती तिरपी धरून काडीनं वाजवायला सुरुवात केली.

थाळीचा तो टणकदार आवाज गाण्याखाली असा शिरला, की पोरांच्या माना आपोआप डोलायला लागल्या. सिस्टर खुर्चीवर बसून हातानं ताल देत होत्या. एका कडव्यावर देवीलालांनी नजर उचलली. सिस्टरांनी चटकन वहीत पाहिलं. वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी दोघं पेटी आणायला गेले. जानेवारीत कधीमधी येतो तसा उगाच एक पावसाचा शिंतोडा आला आणि ऑटो मिळेना. एका बंद दुकानाच्या छपराखाली पेटी मध्ये ठेवून दोघं दोन बाजूंना उभे राहिले. देवीलालांनी गळ्यातला मफलर काढून पेटीवर पसरला.

"तुमचं डोकं भिजून राह्यलं," सिस्टर म्हणाल्या.

"डोकं वाळते. पेटी भिजली तर तुमी बोलसान."

"मी काय सारखी बोलते?"

"बोलता नं," ते शांतपणे म्हणाले. "बरं वाटते."

सिस्टरांनाही बरं वाटलं. बासष्ट वर्षांच्या बाईला एवढ्यानं इतकं बरं वाटू नये, असं त्यांच्या मनात आलं… आणि वाटत राहावं, असंही आलं. म्हणून की काय, जे चार दिवस बोलायचं टाळलं होतं ते त्या बोलून गेल्या. "सोमवारी मी नागपूरले जाऊन राह्यली. रवीकडे. कायमची."

छपराच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. देवीलालांनी मफलरचं टोक ओढून पेटीची ती बाजू झाकली.

"चांगलं हाये," ते म्हणाले. "माणसानं लेकाजवळ राहावं."

अगदी बरोबर बोलले. शंभरातले शंभर लोक हेच बोलले होते. पण सिस्टरांना त्या क्षणी या माणसाचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुठल्या चुकार वॉर्डबॉयचाही आला नव्हता. परतीच्या ऑटोत त्या रस्त्याकडे तोंड करून बसल्या. पेटी उतरवताना दोघांनी दोन कड्या धरल्या, आणि तेवढंच.

शनिवारी रवी आला, सूनबाई आली, बाळ आलं. घर भरलं. मटणाचा रस्सा, बाळाचा पांढरा झगा, पाहुण्यांची अंथरुणं, सिस्टरांच्या पायाला भिंगरी लागली होती. मधेच रवीनं कपाटावरचे डबे उतरवून खोक्यात भरायला घेतले.

"राहू दे ते," सिस्टर म्हणाल्या.

"काहून? सोमवारी घाई होईल."

"राहू दे म्हटलं नं." आवाज चढला. बाळ दचकून रडायला लागलं, मग त्यालाच उगी करण्यात संध्याकाळ गेली.

रविवारी चर्च भरलं होतं. उजवीकडे पुरुष, डावीकडे बाया. दाराशी टेबलावर उपकारस्तुतीची रिकामी पाकिटं ठेवलेली असतात. देवानं काही भलं केलं असेल तर दान आत घालायचं, कारण वर लिहायचं आणि दानाच्या थाळीत टाकायचं, अशी रीत. देवीलालांनी एक उचललं.

"आजोबा, नात झाली त्याचं लिहा," उर्वशी गडबडीत म्हणाली. "नाहीतर मनात जे असेल ते."

तिला पुढच्या रांगेत गिटार लावायची होती, ती पळाली. आणि एक गोष्ट सांगायची राहून गेली. देवीलालांनी आणखी एक पाकीट उचललं आणि खिडकीच्या कठड्यावर वाकून दोन्ही भरली. पहिलं झटक्यात. दुसऱ्याला फार वेळ लागला.

बाप्तिस्मा झाला. पाण्याचा हात डोक्याला लागला तरी बाळ रडलं नाही, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. मग नेहमीप्रमाणे पाळकसाहेबांनी पाकिटं हातात घेतली आणि एकेक वाचायला सुरुवात केली. या चर्चमध्ये पाकिटावरचं कारण सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचतात. पंजाबराव मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याबद्दल. दीपमालाला नोकरी लागल्याबद्दल. रवीच्या बाळाबद्दल. देवीलाल राठोड, नात झाल्याबद्दल.

देवीलालांची मान ताठ झाली. तांड्यावर कडुनिंबाखाली पाकीट नुसतं क्रुसापुढं ठेवायचं असतं. वरचं लिहिणं माणसाचं आणि देवाचं, ते कुणी वाचत नाही. त्यांनी अर्धवट उठून पाळकसाहेबांना हात केला, पण साहेबांचा चष्मा जवळचा होता, आणि वाचायची एक लय लागलेली असते.

"देवीलाल राठोड," पाळकसाहेबांनी त्याच सुरात वाचलं. "या आठवड्यात मथुरा सिस्टर भेटल्या. सात वर्षांनी सकाळी उठावंसं वाटलं. त्या जाऊन राह्यल्या, तरी भेटल्या त्याबद्दल… उपकारस्तुती."

शेवटच्या शब्दापाशी पाळकसाहेबांना आपण काय वाचलं ते कळलं. चर्चमध्ये इतकी शांतता पसरली की बाहेर सायकलची चेन पडल्याचा आवाज आला. मग डावीकडच्या बायकांच्या रांगांतून एक कुजबुज निघाली आणि भिंतीपर्यंत जाऊन परत आली. रवी आईकडे पाहत होता. सिस्टर पेटीसमोर बसल्या होत्या, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"आता तरुण संघाचं गीत," पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले.

सिस्टरांनी भाता ओढला. उठून जावं असं वाटतंय का, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. वाटत नव्हतं. शुक्रवारपासून छातीवर बसलेला राग कुठंतरी निघून गेला होता, आणि त्या जागी इतका आनंद झाला होता की बोटं हलकी पडत होती. नऊ वर्षांत त्यांच्यासाठी कुणी देवाचे आभार मानले नव्हते. लोक त्यांच्यासाठी प्रार्थना करत. ते वेगळं. गाणं नेहमीपेक्षा एक सूर वर सुरू झालं आणि पोरांना ते ओढताना नाकीनऊ आले. देवीलाल थाळी घेऊन खालमानेनं वाजवत राहिले, एकदाही वर न पाहता.

चर्च सुटल्यावर ते चिंचेखाली उभे होते. सिस्टर सरळ तिकडे गेल्या. लोक पाहत होते, आणि त्यांनी पाहू दिलं.

"माफ करा," देवीलाल म्हणाले. "वाचते हे मले माहीत नव्हतं. तुमची बदनामी झाली."

"लिहिलं ते खोटं हाये का?"

"नाही."

"मग माफी कायची मागून राह्यले? आणि परवा छपराखाली काहून नाही बोलले? लेकाजवळ राहावं म्हणे."

"देवाले सांगणं सोपं असते, सिस्टर," ते म्हणाले. "तुमाले सांगाले… भेव वाटलं."

तेवढ्यात रवी आला. त्यानं देवीलालांकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, हे काय हाये?"

"उद्याची गाडी रद्द कर, रवी. मी येत नाही."

"यांच्यासाठी?"

कालपर्यंत सिस्टरांनी उर्वशीचं नाव घेतलं असतं, तरुण संघाचं घेतलं असतं. ती कारणंही खोटी नव्हती. पण त्या म्हणाल्या, "हो. यांच्यासाठी."

रवी हळूच म्हणाला, "बाबा असते तर…"

"तुझे बाबा असते तर मी त्यांच्यासोबतच असती, बेटा. हे तुलेबी माहीत हाये." त्यांनी त्याच्या गालाला हात लावला. रवीचे डोळे भरून आले. पण तो शहाणा मुलगा होता. त्यानं देवीलालांना वाकून नमस्कार केला, नंतर आईला म्हणाला, "मी बाळाले पाहतो," आणि निघून गेला. दहा पावलांवर जाऊन त्यानं खिशातून फोन काढला आणि गाडीवाल्याला लावला.

देवीलाल अजून जमिनीकडेच पाहत होते. "मी आज संध्याकाळच्या गाडीनं तांड्यावर जाणार होतो," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊ का?"

सिस्टरांनी क्षणभर आपला आठवडा मनात चाळला. मंगळवारी महिला सभा, बुधवारी प्रार्थना, गुरुवारी पोरांचा सराव…

"नोको जाऊ आज," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी नऊले माझ्याकडे कोणतंच काम राह्यलं नाही. चहाले या."