बन्नूरच्या शेडमधली फियाट

जेवणं उरकली होती, वीज गेलेली होती. नरसिंगराव पुतण्यांना म्हणाले, "जुनी गाडी घ्यायची म्हणता ना? मग आधी आपल्या सरस्वतीपुरमच्या शरतचं ऐका. घडलेलं आहे. त्याला विचारू नका मात्र, मला एकदा सांगितलं तेवढंच, आता तो सांगत नाही."

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा बुधवार. शरत कामावरून सुटला आणि स्कूटर काढून म्हैसूरहून थेट बन्नूरला निघाला. दुपारी चिदंबरचा फोन आला होता, "आत्याची फियाट काढतोय, भंगाराच्या भावात. सुम्ने, सहज म्हणून बघून तरी जा."

चिदंबर त्याचा शाळेपासूनचा मित्र. पाना धरायला शरतला त्यानंच शिकवलं. आणि आत्या म्हणजे चिदंबरची आत्या, सुमित्राबाई. लहानपणी या दोघांना एका ताटात जेवू घालायची. दोन वर्षांपूर्वी तापानं गेली, असं चिदंबरच म्हणाला होता. एक जुनी गाडी आपल्या हातांनी उभी करायची, हे शरतचं तरुणपणापासूनचं वेड. त्यात ही तर आत्याची गाडी.

पोचेपर्यंत पावणेआठ झाले. घर उसाच्या कडेला, मागे पत्र्याची शेड. चिदंबरनं किल्ली दिली आणि फाटकापाशीच उभा राहिला.

"तू पण ये की."

"तू बघ. मला त्यात काय नवीन?"

शरतनं घाई केली नाही. शेडमधला दिवा लावून पत्र्यावर चुंबक फिरवलं. सगळीकडे चिकटलं, म्हणजे पुट्टी भरून लपवलेलं काही नव्हतं. पाना लावून इंजिन फिरवलं. जड होतं, पण फिरलं. वर्षभर खपलं तर रस्त्यावर येईल, असा हिशेब मनात जुळत आला. मग स्टिअरिंगमागे बसून, दार ओढून घेऊन, त्यानं पायाखालची चटई उचलली.

खाली बोटभर गाळ. वाळलेला, बारीक, कालव्यात असतो तसा. दाराच्या अस्तरावर पाण्याचा डाग होता. काचेवरही. पार छतापर्यंत.

बुडालेली गाडी होती. आणि चिदंबर एका शब्दानं बोलला नव्हता. दुसरा कुणी असता तर शरत चिडला असता. इथं त्यानं चटई पुन्हा जागेवर घातली. जाब विचारायला म्हणून त्यानं दाराची कडी ओढली.

दार उघडेना.

मागच्या सीटवर काहीतरी हललं. ओलं लुगडं घासतं तसं. टाचेला गार पाणी लागलं.

"चिदंबरा..."

शरतनं मागे पाहिलं नाही. आवाज ओळखीचा होता.

"दार उघड रे... पाणी चढलं..."

पाणी घोट्यापर्यंत आलं.

"तू गेलास... मी आतच आहे रे..."

शरत कसाबसा म्हणाला, "आत्या... मी शरत."

मागे सगळं शांत झालं. मग दार सुटलं.

चिदंबर फाटकापाशी तसाच उभा होता.

"ताप नव्हता," शरत म्हणाला. "गाडी तू चालवत होतास."

चिदंबर खाली बघत राहिला. "कालव्यात गेली. मी पोहून निघालो. परत... परत आत गेलो नाही."

"आणि ती मला देत होतास?"

"रोज रात्री हाक मारते रे. तिला तुझा लळा होता. वाटलं, तुझ्याकडे गप्प राहील."

शरतनं किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. स्कूटरवर बसला आणि म्हैसूर येईपर्यंत कुठं थांबला नाही. त्यानंतर दोघं बोललेले नाहीत.

सकाळी त्याची बायको सुष्मा दूध आणायला खाली उतरली. तिनं खालूनच विचारलं, "काल मागे कुणाला बसवून आणलंत?"

शरत खाली आला. स्कूटरचा मागचा फूटरेस्ट उघडलेला होता. दोन्ही नाही. एका अंगाला बसणारी बाई पाय ठेवते तो... फक्त डावीकडचा.

त्यावरून अजून पाणी ठिबकत होतं.