खणात बांधलेली जट

तृप्ती काशीदच्या दुकानात आता गिऱ्हाइकाला ‘कसे कापू?’ असं आधी विचारत नसत. ‘जेवण वेळेवर होतं का?’ असं विचारत. गिऱ्हाईक काहीतरी सांगायला लागे, आणि तेवढ्यात तृप्ती त्याच्या मानेमागचा एक केस वाचकफणीत धरून खरं उत्तर पाहून घेई.

वाचकफणी दिसायला साध्या फणीसारखीच होती. फक्त तिच्या दोन दातांमधून सुईच्या टोकाएवढा निळा उजेड जाई. केस महिन्याला गव्हाच्या दोन दाण्यांएवढा वाढतो आणि वाढताना त्या वेळी रक्तात जे असेल ते थोडंथोडं आपल्यात कोंडून घेतो. मुळाशी या महिन्याचं, टोकाला जुनं. वरून चिकटलेली धूळ आणि तेल बाजूला सारून फणी केसाचा गाभा वाचे, आणि आरशाच्या कोपऱ्यात एक रेघ उमटे. गेल्याच आठवड्यात बारावीतली एक मुलगी केस गळतात म्हणून आली होती. रेघ पाहून तृप्तीने तिला महागडा शॅम्पू दिला नाही. परीक्षा जवळ आल्यापासून ती सकाळचं खात नव्हती, लोह चार महिने उतरत चाललं होतं. तृप्तीने तिला अळीव आणि पालेभाजी सांगितली आणि आईला घेऊन ये म्हणाली.

पंधरा वर्षांपूर्वी तृप्तीने भुवया कोरण्यापासून सुरुवात केली होती. तेव्हा या धंद्याला ‘पार्लरवाली’ एवढंच नाव होतं. आता केसवाचनाची दोन वर्षांची पदविका होती आणि तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर चिठ्ठी देऊन तिच्याकडे माणसं पाठवत. अशीच एक चिठ्ठी घेऊन लगमव्वा आली.

सोमवारी गडहिंग्लजमधली केस कापायची दुकानं बंद असतात. तृप्तीने मुद्दाम सोमवारच निवडला होता, कारण जट सोडवायला अख्खा दिवस जातो आणि जट असलेल्या बायकांना चारचौघांसमोर बसायचं नसतं. आजवर तिने अकरा जटा सोडवल्या होत्या. पूर्वी हे काम कात्रीने करत, आणि देवीच्या जटेला लोखंड लावायला बायका घाबरत. आता ‘सोडवण’ नावाचा एक द्रव निघाला होता. जटेत वर्षानुवर्षं साचलेलं तेल, मळ आणि मेलेली कातडी तो विरघळवी, केसाला धक्का लावत नसे. मग हातांनी बट बट मोकळी करायची. लोखंड लागत नाही, या एका गोष्टीवर बायका तयार होत.

लगमव्वाचं वय साठीच्या आसपास. चार महिन्यांपासून तिचा उजवा हात बधिर होत होता. जटेच्या ओझ्याने मानेचे मणके दबलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जट गुडघ्यापर्यंत होती, मनगटाएवढी जाड, हळदीने पिवळी पडलेली. तिचं टोक धरून मागून एक पुरुष चालत आला. केस पिकायला लागलेले, पण चेहरा दहा वर्षांच्या मुलाचा. तो तिचा मुलगा भैरू. तो सदतीस वर्षांचा होता आणि त्याला जेमतेम वीस-पंचवीस शब्द बोलता येत. घराबाहेर पडला की तो आईच्या जटेचं टोक सोडत नसे.

लगमव्वाने फणी हातात घेऊन उलटीपालटी केली.

“एवढीशी फणी माझं सगळं वाचणार व्हय? माझ्या सासूला बारा वरसांत जमलं न्हाई ते.”

तृप्ती हसली. “सासूला वेळ कुठला, आक्का. ही काहीच काम करत नाही, नुसतं वाचते.”

“मग वाच. पर आधी वाचायचं, मग सोडवायचं. न्हाईतर मी अशीच माघारी जाते.”

तिने कमरेचा बटवा सैल केला. आतून भंडाऱ्याची, देवीला वाहायच्या हळदीची, डबी काढून बाजूला ठेवली आणि तळाशी असलेली हिरव्या खणाची लहानशी पुरचुंडी उलगडली. आत जटेचा एक तुकडा होता, दुमडून ठेवलेला, सरळ केला तर दीड वीत भरेल एवढा, काळा कुळकुळीत.

त्या तुकड्याची हकिगत तिने सावकाश सांगितली. भैरू चार महिन्यांचा होता तेव्हा ती तापाने फणफणली. महिनाभर डोक्याला फणी लागली नाही आणि केस गुंतून बसले. शेजारच्या बायका म्हणाल्या, देवी आली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ जटेवर भंडारा वाहायचा, चिमूटभर आपण खायचा आणि चिमूटभर लेकराच्या जिभेवर ठेवायचा, असा नेम सुरू झाला. नवरा शिवाप्पा बँडात पिपाणी वाजवायचा. दहा गावं फिरलेला माणूस, त्याला हे पटत नव्हतं. भैरू अडीच वर्षांचा असताना एका दुपारी ती झोपलेली पाहून त्याने मेंढरं कातरायच्या कात्रीने जट उतरवली. नवव्या दिवशी भैरूला झटके आले. आठवडाभर तो दवाखान्यात होता. परत आला तेव्हा ‘आई’ एवढाच शब्द त्याच्याकडे उरला होता.

“सगळं गाव म्हणालं, यानंच केलं. मीबी म्हणाले. मग पुन्हा जट वाढवली, ती आजपातूर. तो जाईपर्यंत मी त्याच्याशी बोलले न्हाई. एका घरात बावीस वरसं. भाकरी वाढायची, पर भैरूच्या हातानं पाठवायची.” तिने तुकडा तृप्तीच्या तळहातावर ठेवला. “माझी मान ऱ्हाऊ दे न्हाईतर जाऊ दे. त्या साली काय झालं तेवढं मला सांग. देवीचा कोप झाला का न्हाई, तेवढंच.”

फणीला देवीचं काही कळत नाही, असं तृप्तीने सांगून पाहिलं. लगमव्वा म्हणाली, मग जेवढं कळतं तेवढं सांगू दे.

माणसाचा साधा केस चार-पाच वर्षांत गळून जातो आणि त्याबरोबर त्याच्यातली नोंदही जाते. जटेतला केस गळतो, पण जात नाही. तो तिथेच अडकून राहतो, नवा केस त्याच्याभोवती वळत जातो. त्यामुळे चौतीस वर्षांपूर्वीचं काही आज वाचायचं असेल तर ते जटेतच सापडणार, हे तृप्तीला माहीत होतं. तिने चिमट्याने तुकड्यातले पाच केस ओढून काढले आणि एकेक फणीत धरला. मग मोठ्या जटेच्या टोकाचे, मधले, मुळाशी असलेले केस घेतले. तासभर ती एकेक रेघ ताडून पाहत होती. भैरू आरशासमोरच्या फिरत्या खुर्चीत बसून हळूहळू गोल फिरत होता.

तुकड्याच्या टोकाला, म्हणजे भैरूच्या जन्माच्या सुमाराला, रेघ सपाट होती. पुढे चार-पाच महिन्यांनंतर ती उठली आणि चढतच गेली. शिवाप्पाची कात्री जिथे लागली होती तिथे ती सर्वांत उंच होती. चढलेली गोष्ट शिसं होती, आणि त्याच्याबरोबर तशीच पावलावर पाऊल टाकत क्रोमियम चढलं होतं. ही दोन जोडीने आली की बहुतेक वेळा तो एकच पदार्थ असतो, रंगकामात वापरतात तो पिवळाजर्द क्षार. बाईच्या केसाच्या गाभ्यात तो उतरला होता म्हणजे तो पोटात गेला होता. आणि एवढं शिसं लहान मुलाच्या पोटात गेलं तर काय होतं, ते पदविकेच्या पुस्तकात होतं. आधी चिडचिड, पोटदुखी. मग झटके. मग बोलणं जातं.

तृप्तीची नजर डबीकडे गेली. फणीच्या बैठकीला एक वाटीएवढा खळगा होता, तेलं आणि मेंदी तपासायचा. तिने लगमव्वाला विचारून डबी उघडली आणि भंडाऱ्याची चिमूट उचलली.

खुर्ची फिरायची थांबली. भैरूने उघडी डबी पाहिली, मान वर केली, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

तृप्तीचा हात तिथेच थांबला. रोज सकाळ-संध्याकाळ, इतकी वर्षं. ती वळली, चिमूट खळग्यात टाकली आणि आरशाच्या कोपऱ्यात पाहिलं. शिसं. क्रोमियम. तीच जोडी.

“काय दिसलं?” लगमव्वाने विचारलं.

“आक्का, भैरूचं दुखणं कात्रीच्या आधीपासून चालू होतं. त्यांनी जट कातरली तेव्हा विष अंगात आधीच भरलं होतं. त्या नऊ दिवसांत आलं नाही ते. त्यांच्यामुळे काही झालं नाही.”

लगमव्वाने पदर तोंडावर धरला. मग खालच्या आवाजात म्हणाली, शेवटच्या दुखण्यात तो पाणी मागत होता आणि तेही तिने भैरूच्या हातानेच पाठवलं होतं. भैरूने निम्मं सांडलं होतं. एवढं सांगून तिने डोळे पुसले, आणि तृप्तीला ज्याची भीती होती तो प्रश्न विचारलाच.

“मग विष कशातनं आलं?”

अशा वेळी काय बोलायचं ते पदविकेत शिकवलेलं होतं: पुढचं डॉक्टर सांगतील. एवढं बोलून हात धुवायला उठता येत होतं. साठीच्या बाईला आता हे कळून काय होणार होतं? एक ओझं उतरवून तिला हलकं घरी पाठवता आलं असतं. तृप्तीने जटेच्या मुळाची रेघ पुन्हा पाहिली. गेल्या महिन्याचं शिसं त्यात होतं.

“आक्का, हा भंडारा अजून कुणाकुणाला देता?”

“सगळ्यांना. मंगळवारी, शुक्रवारी गल्लीतली पोरं दारात उभी असतात. बारशाला तर पहिलं बोट माझंच. आमच्याच गल्लीतल्या तुझ्या मावशीच्या नातीलाबी मीच चाटवलं.” बोलता बोलता तिचा आवाज मंदावला. तिने डबीकडे पाहिलं, मग तृप्तीकडे. “त्याच्यात हाय?”

“हो.”

“माझ्या हातनं.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं. विकणाऱ्यालाही बहुतेक नसेल. हळद फिकी दिसू नये म्हणून त्याच्याही मागे कुणीतरी रंग मिसळतं, आणि तो—”

“आम्हीच निवडून घ्यायचो,” लगमव्वा म्हणाली. “बाजारात दहा ढीग असायचे. जो पिवळाजर्द तोच देवीचा. फिका असला तर बाया म्हणायच्या, ह्यात सत्त्व न्हाई. भैरूचा बा आणायचा कधी कधी फिका, घरच्या हळदीचा कुटून. मी उकिरड्यावर ओतायची.”

तृप्तीने डबीचं झाकण घट्ट लावलं. थोड्या वेळाने लगमव्वाने स्वतःच खुर्ची ओढली, आरशाकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, “सोडव आता.”

तृप्तीने जट कोमट पाण्यात भिजवली, सोडवण चोळली आणि मुळापासून बोटं चालवायला सुरुवात केली. पहिल्या पाण्याचा रंग हळदीसारखा आला. तिने ते मोरीत जाऊ दिलं नाही, कॅनमध्ये भरून ठेवलं. दुपार टळली तशी जट सैल पडत गेली. तिच्यातून चिंचेचा वाळका पाला निघाला, काळ्या पोतीचे दोन मणी निघाले. जुने गळलेले केस मूठमूठ हातात आले. ते सगळे तृप्तीने सालवार बाजूला मांडले. हे दवाखान्याला पाठवावे लागतील, गल्लीतल्या मुलांचे केस वाचावे लागतील, असं ती सांगत होती. भंडारा आज बंद झाला तर लहान मुलांचं पुष्कळ भरून निघतं, औषध आहे, हेही तिने सांगितलं. भैरूचं भरून निघेल का, ते लगमव्वाने विचारलं नाही.

चार वाजता डोक्यावर खांद्यापर्यंतचे विरळ पांढरे केस उरले. तृप्तीने रुंद दातांच्या लाकडी फणीने ते विंचरले. सदतीस वर्षांनी फणी डोक्याला लागली तेव्हा लगमव्वाने डोळे मिटून घेतले. मान उचलून पाहिली. ती सहज उचलली गेली.

निघायची वेळ झाली. भैरू सवयीने आईच्या मागे उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. तिथे काही नव्हतं. त्याने पाठीवर चाचपलं, कमरेपाशी चाचपलं, मग आपल्या रिकाम्या मुठीकडे पाहत ओरडायला लागला. लगमव्वा वळली. तिने त्याची मूठ उघडली, आपला हात त्यात दिला आणि तो शांत होईपर्यंत तशीच उभी राहिली.

डबी मेजावरच होती. खणाची पुरचुंडीही.

“हे तुझ्यापाशीच ठेव,” ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि थांबली. “तृप्ती, उद्या मंगळवार हाय. मी खरं सांगितलं तर पोरांच्या आया मला दारात उभं करणार न्हाईत, न्हाईतर जट काढली म्हणून मीच खुळी झाले म्हणतील आणि दुसरीकडनं भंडारा आणतील. त्यांचं ते बघू. पर पोरं सकाळीच येतात. जीभ काढून उभी ऱ्हातात गं. त्यांच्या जिभेवर मी काय ठेवू?”